पाय मोजणाऱ्या खिडकीतली खंजिरी

मित्रांनो, मी एक जुनी खंजिरी. ‘आहे’ म्हणायला जरा कचरते, कारण माझं कातडं मधोमध फाटलंय. फाटक्या कातड्याच्या खंजिरीला लोक खंजिरी म्हणत नाहीत, कडं म्हणतात. म्हणोत बापडे. मी काही लोकांच्या म्हणण्यावर जगले नाही.

सध्या माझा मुक्काम एका रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये आहे. लिफ्टवाल्याच्या टोपीसाठी एक खिळा आहे, त्याच खिळ्याला टोपीखाली मी टांगलेली. मजला आला की लिफ्टला हिसका बसतो आणि मी थोडीशी छुनछुनते. लहान मुलं बोट दाखवून विचारतात, “ही कुणाची?” त्या मुलांसाठीच मी ही हकीकत सांगते आहे. मोठ्यांनी ऐकली तरी हरकत नाही, पण मोठी माणसं ऐकत नाहीत, घड्याळ बघतात.

माझा जन्म वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या हातचा. त्यानं लाकडाची पातळ पट्टी वाफेवर धरून गोल वाकवली. बकरीचं कातडं भिजवून तिच्यावर ताणून बसवलं. चकत्यांना पितळ लागतं, ते काही त्याच्याकडे नव्हतं. तेव्हा त्यानं एका मेलेल्या वकिलाच्या दारावरची पाटी आणून कापली. माझ्या एका चकतीवर अजून त्या वकिलाच्या नावातलं एक अर्धं अक्षर दिसतं. आठ जोड्या, म्हणजे सोळा चकत्या. माणसाला एक जीभ असते तर ती आवरत नाही. मला सोळा, आणि त्याही वकिलाच्या! मी तोंडाळ निघाले यात नवल ते काय?

मला मास्तरांनी घेतलं. मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. पूर्वी ते रेडिओ दुरुस्त करायचे. मग त्यांनी कपडे धुण्याच्या एका दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या, भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि गाण्यांच्या तबकड्या काढायला लागले. तीन मिनिटांची गाणी. तरुण पोरापोरींनी पाय थिरकवावेत अशी. तेव्हा हा प्रकार नवा होता आणि म्हातारी माणसं त्याला गाणं म्हणायलाही तयार नव्हती.

खोलीत मायक्रोफोन एकच. मास्तर फरशीवर खडूनं वर्तुळं काढायचे आणि प्रत्येकाला आपापल्या वर्तुळात उभं करायचे. गाणारा जवळ, गिटारवाला चार पावलं मागे, ढोलवाला दाराशी. वर्तुळाबाहेर कुणाची टाच गेली तरी ओरडायचे. म्हणून ते मास्तर. माझा आवाज सगळ्यांत टोकदार, म्हणून माझं वर्तुळ सगळ्यांत लांब. बोळाच्या टोकाला न्हाणीघर होतं, त्यात. मी आधी रुसले. पण न्हाणीघराच्या फरश्यांवरून माझा आवाज असा काही चमकून बाहेर यायचा, की खोलीतली मंडळी माना वळवून बघायची.

मला वाजवायची ती ताई. मास्तरांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, ती भावाकडे आली. झाडलोट, चहा, गोधड्यांची शिवण सगळं तिच्याकडे. वाजवायला माणूस कमी पडला म्हणून मास्तरांनी एकदा मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, “ताई, नुसती हलव. बिघडलं तर बिघडलं.” काही बिघडलं नाही. बारा वर्षं पायानं शिलाई मशीन चालवलेली बाई ती. ताल तिच्या घोट्यात होता. तबकडीवर तिचं नाव कधी आलं नाही. तिनं मागितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मला मात्र ती जिवापाड जपायची. हवा दमट झाली की माझं कातडं सैल पडतं, म्हणून रोज सकाळी मला खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात ठेवायची. म्हणून तर मला सगळं दिसलं. न दिसतं तर बरं झालं असतं.

आता खिडकीची गोष्ट ऐका.

खिडकीखाली बसचा थांबा होता. मास्तरांनी गाणं फितीवर ध्वनिमुद्रित केलं की ते दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास खिडकीत कर्णा ठेवायचे, गाणं लावायचे आणि पडद्याआडून एका डोळ्यानं खाली बघायचे. रांगेतल्या माणसांचे पाय मोजायचे. गाणं संपेपर्यंत तीन पाय हलले तर गाणं पास. तबकडी निघायची आणि तिची एक प्रत चौकटीत घालून भिंतीवर लागायची. दोन पाय हलले तर नापास. गाणाऱ्यानं रडावं, पाया पडावं, काही उपयोग नाही. “रांग खोटं बोलत नाही,” मास्तर म्हणायचे. “तिला तुमची ओळख ना पाळख. ती कशाला तुमचं मन राखेल?”

दुसरा नियम भिंतीचा. एका माणसाला एकच खिळा.

कारण असं, की मास्तरांची माणसं एकदाच चालायची. टेलिफोन कचेरीतल्या दोन बहिणी आल्या. ‘नंबर सांगा, नंबर सांगा’ असं त्यांचं गाणं घराघरांत वाजलं, पुढची तीन गाणी कुणी ऐकली नाहीत. एक भट्टीवाला आला. पाव भाजता भाजता शीळ घालायचा, तीच शीळ मास्तरांनी घेतली. ती शीळ अख्ख्या शहरानं घातली आणि सहा महिन्यांत शहर त्याला विसरलं. असे अकरा जण. अकरा खिळे. वर्तमानपत्रात एकदा कुणीतरी मास्तरांबद्दल लिहिलं, ‘एका गाण्याच्या माणसांचा कारखाना’. मास्तरांनी ते कात्रण कौतुकानं जपलं. त्यात टोमणा आहे हे त्यांना कळलं नाही. मला कळलं. वकिलाचं पितळ!

माझ्या मनात मात्र वेगळंच होतं. मला वाटायचं, ही अकरा गाणी चालली ती माझ्यामुळे. गाणारे येतात नि जातात, अकराही गाण्यांत मीच आहे. नाकानं कांदे सोलत मी कट्ट्यावर ऊन खात बसायचे.

त्या अकरांतला शेवटचा लिफ्टवाला. तो अकरावा.

एका मोठ्या कचेरीत तो लिफ्ट चालवायचा. मास्तर तिथे कशाला तरी गेले होते, तर हा प्रत्येक मजला गाऊन सांगत होता. मास्तरांनी त्याला तिथूनच उचलला. ‘वर चला, वर चला’ असं उडतं गाणं मास्तरांनी बांधलं. ताईनं मला असं झाडलं की न्हाणीघराची बादली सुद्धा घुमली. दुसऱ्या दिवशी खिडकीत लावलं. सात पाय हलले. एका जाड्या गृहस्थानं तर रांग सोडून गिरकी घेतली, आणि मागच्या बाईनं त्याची जागा लाटली.

ते गाणं किती वाजलं ते काय सांगू? न्हाव्याच्या दुकानात तेच, चपलांच्या दुकानात तेच. लिफ्टवाल्यानं नोकरी सोडली. त्याची बायको त्याच्याबरोबर मास्तरांच्या खोल्यांवर आली होती तेव्हा माझ्यासमोर त्याला म्हणाली, “अहो, लिफ्ट वर जाते तशी खाली पण येते. तुम्हाला मी सांगायला हवं का?”

“तू जरा गप बस,” तो म्हणाला. “पुढचं गाणं मी स्वतः बांधलंय. ते ऐक, मग बोल.”

ते दुसरं गाणं त्याच्या जिवाचं होतं, मित्रांनो. पहिलं मास्तरांचं होतं, हे त्याचं. लिफ्टचं दार एकेका मजल्यावर उघडतं, आतलं काहीतरी क्षणभर कानावर पडतं. कुणी हसतंय, कुणी भांडतंय, कुणाचं टंकलेखन चाललंय. आणि दार मिटतं. कुणाचंच पुढचं कळत नाही. एवढंच गाणं. संथ. मास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मुद्रित केलं. ‘वर चला’चा मान ठेवायचा म्हणून.

न्हाणीघरात ताईनं मला हातात घेतलं आणि हलवलंच नाही! सगळं गाणं मला छातीशी धरून उभी राहिली. शेवटी, दार मिटतं तिथे, तिनं ओलसर अंगठा माझ्या कातड्यावरून दाबून फिरवला. एक लांब थरथर निघाली. चकत्या जेमतेम कुजबुजल्या. बस्स.

माझा केवढा अपमान झाला म्हणून सांगू! सोळा चकत्यांची मी, आणि मला पाहुणीसारखं कोपऱ्यात उभं केलं? मी मनात म्हटलं, बघतेच हे गाणं माझ्याशिवाय कसं चालतं ते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कर्णा खिडकीत आला. रांगेत नऊ माणसं होती. मी शेजारीच कट्ट्यावर होते. लिफ्टवाला आत खुर्चीच्या कडेवर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. त्याला खिडकीत यायची परवानगी नव्हती, मास्तरांचा तसा कायदाच होता. गाणं सुरू झालं. पहिला मजला. दुसरा मजला. रांग स्तब्ध होती. पण मी रांगा बघितलेल्या. कंटाळलेली रांग चुळबुळते. ही चुळबुळत नव्हती.

आणि बस आली.

ती बस वेळेवर आलेली आजवर कुणी पाहिली नव्हती. वीस वीस मिनिटं उशीर व्हायचा, त्या उशिरावर तर मास्तरांची सगळी परीक्षा उभी होती. त्या दिवशी मेली वेळेवर आली. गाणं अर्ध्यावर होतं. माणसं झटकन चढायला लागली. मास्तरांनी पडदा सोडला आणि वळून म्हणाले, “नापास.”

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, घ्या! माझ्याशिवाय गाणं करताय?

तेवढ्यात बस निघून गेली आणि मला दिसलं. थांब्यावर एक बाई उभी होती. एकटी. तिनं बस सोडली होती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला बुटांचा जोड, दुरुस्तीला नेत असावी. अंगात तपकिरी स्वेटर, कोपराला ठिगळ. मान वर करून ती आमच्या खिडकीकडे बघत होती आणि तिची डावी टाच हळूहळू वर-खाली होत होती. गाणं संपलं तरी थोडा वेळ होत राहिली. मग ती पुढच्या बससाठी नीट रांगेत उभी राहिली. रांगेत ती एकटीच होती, तरी नीट उभी राहिली.

ताईनंही पाहिलं. ती मला उचलायला खिडकीशी आली होती. ती म्हणाली, “अरे, ती खाली एक बाई...”

“ताई, चहा टाक,” मास्तर म्हणाले.

मी तिच्या हातात होते, तिची बोटं माझ्या कडेवर घट्ट झाली. मग तिनं मला खुंटीला लावलं आणि चहा टाकायला गेली. भावाच्या घरात राहणाऱ्या बाईचं बोलणं असंच चहाच्या आधणात जातं.

लिफ्टवाला उठून उभा राहिला. “मास्तर, बस आली हो. गाण्याचा काय दोष? उद्या परत लावू या ना.”

“परत लावलं की ती परीक्षा नाही, मनधरणी झाली.”

“एकदाच. मी हात जोडतो.”

“तुझा खिळा तुला मिळालाय,” मास्तर म्हणाले. “एका माणसाला एकच.”

त्यानं भिंतीवरच्या आपल्या चौकटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे का बघितलं कोण जाणे. मला सोळा जिभा होत्या, एकही हलली नाही. मला कुणी हलवल्याशिवाय मी बोलत नाही ना. आमच्या जातीचा हा शाप आहे.

पुढच्या आठवड्यात मास्तरांनी त्याच फितीवर एका दातांच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं गाणं मुद्रित केलं. तो तोंड न उघडता गायचा, तेही नापास झालं. पण लिफ्टवाल्याचं गाणं त्याच्याखाली गेलं ते गेलंच. जगात दुसरी प्रत नव्हती.

लिफ्टवाला पुढे काही वर्षं सभागृहांतून ‘वर चला’ गात फिरला. लोक दुसरं काही गाऊच देत नसत. मग लोकही थांबले. आमचेही दिवस फिरले. बसचा थांबा पलीकडच्या गल्लीत हलवला. मास्तर खिडकीत कर्णा लावून बसायचे, खाली रिकामा रस्ता. गाणं चांगलं की वाईट ते त्यांना कळेना. तेव्हा आम्हाला समजलं, मास्तरांना स्वतःचा कान कधी नव्हताच. होता तो रांगेचा. बाराव्या खिळ्याची जागा भिंतीवर रिकामीच राहिली. गोधड्या उतरल्या. मला एका पत्र्याच्या पेटीत टाकलं. ताईचे हात संधिवातानं वाकडे झाले होते, तिला पेटीचं झाकण उचलेना. दमट हवेत कातडं सैल पडलं, मग वाळलं, मग एका दुपारी आपणहून टरकन फाटलं. एक जोडी चकत्या गळून पेटीत पडली. कुणी शोधली नाही.

मग ताई आजारी पडली. रुग्णालयात, पाचव्या मजल्यावर. तिनं भावाला म्हटलं, “माझी ती आण.” मास्तरांनी मला कापडी पिशवीत घातलं आणि भेटायच्या वेळेत घेऊन आले. गुडघे दुखत होते म्हणून लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टला हिसका बसला. मी छुनछुनले.

लिफ्टवाल्यानं मागे न बघता विचारलं, “मास्तर, पिशवीत तीच ना?”

मास्तर दचकले. केस पांढरे झालेले, टोपी घातलेली, पण तोच. “तू? इथे?”

“लिफ्ट खाली पण येते,” तो म्हणाला. “बायको सांगत होती. कितवा?”

“पाचवा. ताई आहे.”

“ताई?” त्याचा आवाज मऊ झाला. “त्यांना म्हणावं, अकरावा विचारत होता.”

पाचव्या मजल्यावर ताईनं मला पांघरुणावर घेतलं. फाटलेल्या कातड्यावर तिनं अंगठा फिरवून पाहिला, आवाज आला नाही. मग म्हणाली, “त्या दिवशी एका बाईनं बस सोडली होती.”

“कोणत्या दिवशी?”

“त्याच्या दुसऱ्या गाण्याला. बस गेली, ती उभी राहिली. पाय हलत होता तिचा.”

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलले. तू चहा टाक म्हणालास.”

“अगं पण, एकच पाय...”

“तीन मोजायला बसला होतास तू. बस सोडणारा पाय किती जणांच्या बरोबरीचा धरायचा ते तुझ्या कायद्यात नव्हतं.” तिला धाप लागली. “त्याला सांग. मला सांगायचं होतं, राहून गेलं. माझं ओझं तू उतरव.”

मास्तर त्या दिवशी लिफ्टनं खाली गेले नाहीत. मी ताईपाशीच होते, पण त्यांच्या काठीचा आवाज मला जिन्यावरून ऐकू आला. पाच मजले, दुखरे गुडघे घेऊन. दुसऱ्या दिवशीही जिना. तिसऱ्या दिवशीही. रोज ताई विचारायची, “सांगितलंस?” रोज मास्तर म्हणायचे, “गर्दी होती.” जिन्यात कसली आली गर्दी? ताईला कळत होतं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

चौथ्या दिवशी सकाळी ताई गेली. तिचं सामान म्हणजे एक चष्मा, एक शाल आणि मी. ते घेऊन मास्तर जिन्यापाशी आले, दोन पायऱ्या उतरले आणि कठड्याला धरून थांबले. पुढे पाऊल पडेना. परत वर चढले आणि लिफ्टची घंटा दाबली.

लिफ्टमध्ये ते दोघंच होते. तिसरा मजला गेला. मग मास्तर म्हणाले, “तुझ्या दुसऱ्या गाण्याला एका बाईनं बस सोडली होती.”

लिफ्टवाल्याचा हात दांड्यावर होता.

“मी बघितलं नाही,” मास्तर म्हणाले. “ताईनं बघितलं. बस गेल्यावर ती एकटी उभी राहिली. शेवटपर्यंत ऐकलं तिनं.”

“कोण होती?”

“माहीत नाही.”

“कशी होती?”

“ताईला माहीत.”

“मग मी ताईंना विचारतो. माझी पाळी संपली की वर जातो.”

“ताई सकाळी गेली.”

तळमजला आला. बाहेर माणसं उभी होती, एक जण जाळीवर बोटं आपटत होता. लिफ्टवाल्यानं दार उघडलं नाही. तो मास्तरांकडे बघत होता, आणि मी इतकी वर्षं इतके गाणारे बघितले, पण असा चेहरा बघितला नव्हता. रागाचा नाही. थकल्याचा.

“आत्ता सांगताय?” तो म्हणाला.

बैल गेला नि झोपा केला. मास्तरांनी मान खाली घातली. मग त्यांनी पिशवीतून मला काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

“हिचं मी काय करू?” लिफ्टवाला म्हणाला. पण त्यानं मला घेतलं, टोपी काढली, मला खिळ्याला अडकवलं आणि वर टोपी टांगली. मग जाळीचं दार सरकवून म्हणाला, “तळमजला.” गाऊन नाही. नुसतं म्हणाला.

मास्तर पुन्हा आले नाहीत. मी मात्र तेव्हापासून इथे आहे, सात जोड्या आणि फाटकं कातडं घेऊन. कधी दुपारी लिफ्ट रिकामी असते तेव्हा तो ते गाणं गुणगुणायला लागतो. पहिला मजला, दुसरा मजला. तिसऱ्याच्या अलीकडे थांबतो. त्याला पुढचं आठवत नाही. मला सगळं आठवतं. आणि ती बाई कशी होती तेही मला ठाऊक आहे. तपकिरी स्वेटर, कोपराला ठिगळ, कागदात बुटांचा जोड, डावी टाच. त्याला एवढं कळलं तरी पुरे होतं. तो रोज माझ्याकडे एकदा बघतो. लिफ्टला हिसका बसतो, मी छुनछुनते. तो म्हणतो, “हो गं, हो.” त्याला वाटतं मी नुसती वाजते आहे.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, माझं कातडं बदला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं झालं. मी तर त्या दिवशी मनातल्या मनात हसले होते, तेव्हा जे वाट्याला आलं ते मुकाट्यानं भोगते आहे. तुम्हाला एवढंच सांगते. कधी रस्त्यात कुणाचं गाणं ऐकून तुमची बस चुकली, तर नुसते उभे राहू नका. वर बघा आणि हात करा. चांगला उंच करा. खिडकीत पाय मोजणारा बसलेला असतो, आणि आत कुणीतरी हात मांडीखाली दाबून बसलेलं असतं. त्याला खिडकीत यायची परवानगी नसते.